टर्बो गाडीचे व्हॅक्यूम पाइप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह : वस्तू स्वस्त, दुर्लक्ष महाग

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात धंदा करणाऱ्या लहान व्यापाऱ्याची गाडी म्हणजे त्याचे दुसरे दुकानच होय. मालेगाव-भिवंडीचे कोरे कापड आणायचे असो, कॅम्पातल्या जीन्सचे गठ्ठे पोचवायचे असोत, की फर्निचर घेऊन पुण्याकडे जायचे असो, गाडी उभी राहिली की धंदा उभा राहतो. ईद-दिवाळीच्या हंगामात दोन दिवस गाडी गॅरेजात पडली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढते आणि पुन्हा परत येईलच असे नाही.

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या पिकअप, टेम्पो आणि घरच्या मोटारीही टर्बो इंजिनाच्या आहेत. या गाड्यांत बोटाएवढ्या आणि पेन्सिलीएवढ्या जाडीचे काही रबरी पाइप व त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचे छोटे व्हॉल्व्ह असतात. मालक त्यांच्याकडे कधी पाहत नाही, कारण ते दिसायला क्षुल्लक आहेत. परंतु गाडीची ताकद आणि गाडीचा ब्रेक, दोन्ही याच क्षुल्लक वस्तूंवर अवलंबून असतात. म्हणून त्यांचे काम काय, त्या खराब झाल्याचे कसे ओळखावे आणि त्या बदलताना कोणती खबरदारी घ्यावी, याची माहिती व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी येथे देत आहोत.

व्हॅक्यूम म्हणजे काय आणि तो येतो कुठून?

आपल्या भोवतालची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटर जागेवर साधारण १ किलोचा दाब देत असते. इटलीच्या टोरिचेली याने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने हा दाब दाखवून दिला. समुद्रसपाटीला तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका भरतो. एखाद्या बंद डब्यातली हवा ओढून घेतली की बाहेरची हवा त्या डब्याच्या पडद्याला जोराने आत ढकलते. या ढकलण्याचाच उपयोग गाडीत करून घेतलेला असतो.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलचे झाकण असते. ते मिटलेले असताना इंजिन हवा ओढू पाहते, म्हणून मागच्या मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. निरोगी इंजिन आयडलवर असताना तो पाऱ्याच्या साधारण ४५० ते ५५० मिलिमीटर इतका असतो. डिझेल इंजिनाची रीत निराळी. तेथे हवा मोकळी आत जाते आणि ताकद डिझेलच्या मात्रेवर ठरते. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये उपयोगी पडेल असा व्हॅक्यूम होत नाही. तो तयार करण्यासाठी स्वतंत्र पंप लावावा लागतो. आपल्याकडच्या अनेक टाटा व महिंद्रा गाड्यांत हा पंप ऑल्टरनेटरच्या, म्हणजे मेकॅनिक ज्याला डायनामो म्हणतात त्याच्या, पाठीवर बसवलेला आढळतो. फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनात तो कॅमशाफ्टवर चालतो. हेच इंजिन स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा आणि टाटाच्या व्हिस्टात होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि ते नव्या गाड्यांतून गेले, पण रस्त्यावर त्याच्या गाड्या आजही भरपूर आहेत.

या व्हॅक्यूमचे काम काय?

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम ब्रेकचे. ब्रेक पॅडलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, तव्यासारखा एक काळा गोल डबा असतो. त्याला बूस्टर म्हणतात. बेल्जियमच्या अल्बेर देवांद्र याने १९२७ मध्ये या युक्तीला आकार दिला. डब्यात मोठा रबरी पडदा असतो. त्याचा व्यास ९ इंच धरला तर क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर होते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ७०० ग्रॅमचा फरक पडला तरी हिशेब पावणेतीनशे किलोच्या वर जातो. म्हणजे आपण पायाने जेवढा जोर लावतो त्याच्या मदतीला एवढी मोठी ताकद उभी असते. व्हॅक्यूम गेला की ही मदत जाते आणि भरलेली गाडी फक्त पायाच्या जोरावर थांबवावी लागते. ब्रेक असतो, पण पॅडल दगडासारखे कडक होते आणि गाडी थांबायला फार लांब जाते.

दुसरे काम टर्बोचे. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये टर्बोचे पेटंट घेतले. धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, ते दुसरे चक्र फिरवते आणि दुसरे चक्र इंजिनात जादा हवा दाबून भरते. टर्बोने किती हवा भरावी हे ठरवण्यासाठी त्याच्या शेजारी एक डबी आणि दांडी असते. तिला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. हा अ‍ॅक्च्युएटर दोन जातींचा असतो आणि दोघांचा आजार उलटा असतो.

ज्या डिझेल गाड्यांत टर्बोची पाती हलणारी असतात, त्यांपैकी बऱ्याच गाड्यांत दांडी व्हॅक्यूमने ओढली जाते. त्यांचा पाइप चिरला की पाती उघडी राहतात, हवा कमी भरते, पिकअप जातो आणि चढणीवर गाडी कण्हू लागते. साध्या टर्बोत मात्र डबीला टर्बोच्याच हवेचा दाब दिलेला असतो. तो पाइप निसटला तर जादा हवा सोडून देणारे दार उघडतच नाही आणि दाब मर्यादेबाहेर जातो. पहिल्यात गाडी मरगळते, तर दुसऱ्यात इंजिनावर भार येतो. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हे ओळखून डिझेल कमी करतो व डॅशबोर्डवर दिवा लावतो. काही अलीकडच्या गाड्यांत ही दांडी विजेच्या मोटरवर चालते. तेथे टर्बोला व्हॅक्यूम पाइप शोधण्यात अर्थ नाही.

याखेरीज धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह, जुन्या जीपवजा गाड्यांतील फोर-व्हील जोडणी आणि काही गाड्यांच्या एसीची झाकणे याच व्हॅक्यूमवर चालतात. एका जागी गळती झाली की बाकीच्यांचाही हिस्सा कमी होतो.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह : विहिरीचा फूट व्हॉल्व्हच

विहिरीवर पंप लावणाऱ्या शेतकऱ्याला हा व्हॉल्व्ह समजावून सांगावा लागत नाही. पाइपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाण्याला वर येऊ देतो, पण पंप बंद झाला तरी खाली परत जाऊ देत नाही. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्हही हेच करतो. गाडीतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बूस्टरमधील हवा इंजिनाकडे किंवा पंपाकडे जाऊ देतो, उलट येऊ देत नाही.

टर्बो गाडीत याचे महत्त्व दुप्पट आहे. साध्या पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये फार तर व्हॅक्यूम कमी होतो. टर्बो पेट्रोलमध्ये मात्र अ‍ॅक्सिलरेटर दाबताच त्याच जागी उलटा दाब तयार होतो. आत्ता जी नळी ओढत होती तीच पुढच्या क्षणी फुंकू लागते. मधला व्हॉल्व्ह खराब असेल तर ही हवा थेट बूस्टरमध्ये घुसते, आणि ओव्हरटेक करून पाय ब्रेकवर आणावा तर पॅडल कडक! म्हणूनच काही टर्बो पेट्रोल गाड्यांत कंपनीने बूस्टरसाठी वेगळा पंपही दिलेला असतो. इंजिनाच्या पोटातली वाफ ओढणाऱ्या नळीवरही असाच व्हॉल्व्ह असतो. तो बिघडला तर टर्बोचा दाब इंजिनाच्या पोटात शिरतो, सीलमधून ऑइल गळते आणि निळा धूर येतो. मालक सील बदलत राहतो, पण रोग व्हॉल्व्हमध्ये असतो.

डिझेलमध्ये व्हॉल्व्हचे आणखी एक काम आहे. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम पंपातले ऑइल उलट ओढू शकतो. व्हॉल्व्ह ते अडवतो. पाइपात किंचित ओलसरपणा चालतो. पण पाइप काढताच ऑइल ओघळू लागले तर व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही तपासावेत. बूस्टरच्या तोंडाशी ब्रेक ऑइलचा ओलावा दिसला तर तो मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलचा दोष आहे. त्याला पाइप बदलणे हा इलाज नव्हे.

खराबी कशी ओळखावी?

ब्रेक बूस्टरच्या तीन तपासण्या कोणताही मालक पाच मिनिटांत, एकही हत्यार न लावता करू शकतो. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा आणि चाकांना दगड लावावा.

१) इंजिन बंद असताना ब्रेक पॅडल पाच-सहा वेळा दाबावे. ते कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करावे. पॅडल किंचित खाली गेले तर मदत मिळते आहे. हललेच नाही तर व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर निकामी आहे.

२) इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि थोडे थांबून पॅडल सावकाश दाबावे. पहिल्या वेळी ते खोल गेले पाहिजे आणि पुढच्या दोन-तीन वेळा क्रमाने वर राहिले पाहिजे. पहिल्याच दाबाला कडक लागले तर साठा टिकत नाही; पहिला संशय नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह व त्याच्या पाइपावर घ्यावा.

३) इंजिन चालू असताना पॅडल दाबून धरावे आणि तसेच इंजिन बंद करावे. अर्धा मिनिट पॅडलची उंची बदलता कामा नये. ते पायाला उलट वर ढकलू लागले तर बूस्टर गळतो आहे.

इतर लक्षणे अशी. पेट्रोल गाडीत गळती असेल तर आयडल वर-खाली होते आणि बॉनेटखाली शिट्टीसारखा आवाज येतो. डिझेलमध्ये आयडल बहुधा ठीक राहते, म्हणून गळती लपून बसते. पॅडलचा कडकपणा आणि चढणीवरचा अशक्तपणा हीच तिची ओळख.

पाइप पाहण्याची रीत कापडवाल्यांना नवी नाही. आपण कापड बोटांत धरून ताणतो, घडीच्या जागी विरले आहे का ते पाहतो. पाइपही वाकवून पाहावा, मुख्यतः दोन्ही टोकांशी, कारण चीर तेथेच पडते. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, टोक कडक होऊन सैल बसले, किंवा रबर ऑइलाने फुगून मऊ पडले, तर तो पाइप संपला. उष्णता रबराची वैरी आहे. ढोबळ हिशेब असा सांगतात की तापमान १० अंशांनी वाढले की रबराचे आयुष्य जवळपास निम्मे होते. टर्बोजवळचा पाइप म्हणूनच आधी जातो. सोनिवलीसारख्या शेताकडेच्या वस्तीत आणखी एक शत्रू म्हणजे उंदीर. पावसाळ्यात उबेसाठी ते बॉनेटखाली येतात आणि पाइप व वायरी कुरतडतात. गाडी आठ दिवस उभी राहिली असेल तर चावी लावण्यापूर्वी बॉनेट उघडावे.

टर्बो गेला म्हणण्याआधी

गेल्या पावसाळ्यात आमच्या पिकअप गाडीला मालासह चढण चढवेना. एका गॅरेजने पाहताक्षणी टर्बो बदलण्याचा हिशेब सांगितला. रक्कम हजारोंच्या घरात होती. अंबरनाथच्या एका जाणत्या उस्तादांनी मात्र आधी हातपंप काढला. हा व्हॅक्यूमचा छोटा हातपंप असतो आणि त्याला घड्याळ असते. त्यांनी तो अ‍ॅक्च्युएटरला जोडून व्हॅक्यूम दिला; दांडी सरळ ओढली गेली आणि टिकून राहिली. म्हणजे टर्बोची दांडी व डबी शाबूत. मग पंपापासून एकेक पाइप तपासला, तर बॅटरीमागे घासून एका पाइपाला वितभर अंतरात दोन भोके पडलेली. टर्बोच्या किमतीपुढे त्या पाइपाची किंमत चहा-पाण्याएवढीही नव्हती.

यात कोणाच्या इमानदारीवर बोट ठेवण्याचा हेतू नाही. टर्बो खरोखरही जातो. परंतु तपासणीचा क्रम स्वस्त वस्तूकडून महाग वस्तूकडे असावा, हा नियम कारागिराने पाळावा आणि मालकाने मागावा. हातपंप लावला, दांडी हलली पण घड्याळाचा काटा लगेच खाली आला, तर डबीचा पडदा फाटला आहे. दांडी हललीच नाही तर पाती काजळीने अडकली असतील. ही तपासणी दहा मिनिटांची आहे.

पाइप निवडताना

बाजारात काळा पाइप म्हणून जे मिळते ते सर्व एकाच जातीचे नसते. व्हॅक्यूमचा पाइप जाड भिंतीचा हवा, नाही तर आतल्या ओढीने तो चपटा होतो आणि वाट बंद पडते. बाहेरून तो चांगला दिसतो, म्हणून दोष सापडत नाही. पाण्याचा किंवा मत्स्यपेटीचा पारदर्शक प्लॅस्टिक पाइप लावणे हा जुगार आहे. इंजिनाच्या उष्णतेने तो मऊ पडून मिटतो आणि पुढे काचेसारखा कडक होतो.

रबराची जातही पाहावी. ईपीडीएम रबर उष्णतेला चांगले, पण ऑइलाने फुगते. डिझेलच्या पंपाकडून ऑइलाची वाफ येते, तेथे ते टिकत नाही. साधा सिलिकॉन पाइप उष्णता सोसतो, परंतु ऑइल व इंधन त्यालाही मानवत नाही. रंगीत सिलिकॉन पाइप दिसतो छान, म्हणून सर्व जागी लावू नये. ऑइलाच्या वाटेला नायट्राइल किंवा त्याहून वरच्या दर्जाचे रबर, अथवा कंपनीचाच पाइप घ्यावा. चांगल्या पाइपाच्या कापलेल्या टोकाकडे पाहा. आत सुताची वीण दिसेल. पाइपाची ताकद त्या धाग्यात असते. टर्बोच्या मोठ्या हवेच्या पाइपांतही पॉलिएस्टर किंवा अ‍ॅरामिड धाग्याच्या कापडाचे थर असतात. कापडाच्या धंद्यातल्या माणसाने ही वीण जरूर पाहावी.

नकली मालाबद्दल एक शब्द. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' हा विनोद जुना आहे. परंतु नकली सुटा भाग आज कोणत्याही शहरात मिळतो. कपड्याचा रंग गेला तर गिऱ्हाईक नाराज होते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नकली निघाला तर घाटात जीव जातो. हा एक भाग बिल घेऊनच खरेदी करावा.

बदलण्याची रीत

१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. टर्बो व सायलेन्सरचा भाग बराच वेळ भाजण्याइतका गरम असतो.

२) काढण्याआधी मोबाइलने फोटो घ्यावा आणि एका वेळी एकच पाइप बदलावा. सगळे पाइप एकदम काढणारा शागिर्द शेवटी अंदाजाने जोडतो.

३) पाइप ओढू नये, आधी पिळून सैल करावा. न निघाल्यास ब्लेडने लांबीत चिरावा, पण खालच्या नळीवर ओरखडा पडू देऊ नये. त्या ओरखड्यातून पुढे गळती होते. प्लॅस्टिकची जुनी नळी ठिसूळ झालेली असते. जोर लावला की तुटते.

४) नवा पाइप जुन्याच्याच आतल्या व्यासाचा आणि लांबीचा कापावा. आखूड असेल तर ताणाने निसटतो, लांब असेल तर मुरड पडते. तो टर्बोपासून दूर, कोठेही न घासता न्यावा आणि मूळ क्लिपांत बसवावा.

५) नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर बहुधा बाण असतो, तो हवा जाण्याच्या दिशेने, म्हणजे इंजिन किंवा पंपाकडे असावा. बाण नसेल तर बूस्टरच्या बाजूने फुंकून पाहावे, हवा गेली पाहिजे. दुसऱ्या बाजूने अजिबात जाता कामा नये. उलटा बसवला तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळणारच नाही.

६) व्हॉल्व्ह बूस्टरमध्ये ज्या रबरी कड्यात बसतो ते कडेही नवे घालावे. बसवताना पाण्याचा हात लावावा. ग्रीस किंवा ऑइल लावू नये, रबर फुगते.

७) मूळ स्प्रिंगची क्लिप असेल तर तीच वापरावी. स्क्रूची क्लिप प्लॅस्टिकच्या नळीवर जास्त आवळली तर नळी चिरते.

८) टर्बोच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला पंपाकडचा आणि अ‍ॅक्च्युएटरकडचा असे दोन पाइप असतात. त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. हवा घेणारे तिसरे तोंड किंवा त्याचा छोटा फिल्टर बंद करू नये.

काम झाल्यावर वरील तीन ब्रेक तपासण्या पुन्हा कराव्यात, मग रिकामी गाडी मोकळ्या जागी हळू चालवून दोन-चार ब्रेक मारून पाहावेत. त्यानंतरच माल भरावा. ज्याला ब्रेकचे काम येत नाही त्याने पाइप ओळखावा, पण बदलण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

घाट उतरताना

डिझेल वाचवण्यासाठी काही ड्रायव्हर कसारा घाट किंवा बोरघाट उतरताना गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करतात. मालेगावहून गठ्ठे भरून येणाऱ्या गाडीत हे आत्मघाताचे काम आहे. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकांपुरता साठा उरतो आणि तोही नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह शाबूत असेल तरच. पॉवर स्टिअरिंगही जड होते. वाचणारे डिझेल काही रुपयांचे. त्याच्या एका पारड्यात माणूस आणि माल ठेवणे हा कोणत्याही व्यापाऱ्याचा हिशेब होऊ शकत नाही. ज्या गियरमध्ये घाट चढावा त्याच गियरमध्ये उतरावा, ही जुनी शिकवण टर्बो गाडीलाही लागू आहे. मोठ्या ट्रकांचे एअर ब्रेक निराळे; त्यांचे नियम वेगळे आहेत.

मालकाने ध्यानात ठेवावे

ड्रायव्हर बहुतेक वेळा पगारी असतो. ब्रेक जड लागतो असे त्याने सांगितले तर ते कामचुकारपणाचे निमित्त समजू नये, त्याच दिवशी गाडी तपासावी. दर सर्व्हिसला पाइपांवरून हात फिरवून घ्यावा. टर्बोजवळचा एक पाइप जुना होऊन फुटला तर त्याच वयाचे बाकीचेही बदलावेत, कारण मजुरी तीच पडते. गाडीत मीटरभर योग्य मापाचा पाइप, चार क्लिपा आणि एक ब्लेड ठेवावे. आणि बिल चुकते करताना काढलेला जुना भाग मागून घ्यावा. तो हातात घेऊन पाहिला की पुढच्या वेळी काय बघायचे हे मालकाला आपोआप कळते.